सातवा गोटा

मी सहा वर्षं गोटे निवडायची नोकरी केली. लग्नाच्या बोलण्यांत हे सांगायची सोय नव्हती, म्हणून घरचे 'लॅबमध्ये असते' असं सांगायचे. लॅब होती, नाही असं नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, मानपाड्याच्या बाजूला, पत्र्याच्या शेडला चिकटलेली एक खोली. तिच्यात तराजू, भिंग, अ‍ॅसिडची बाटली आणि मी. बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "आयुष्यभर दगडांत डोकं घालणार का?" मी रागाने 'हो' म्हणाले आणि नेमकं तेच झालं.

कारखाना लहान होता. कपबश्यांवर जो चकचकीत पांढरा थर असतो, त्याचं पीठ आम्ही दळून द्यायचो. दळायला एक भलामोठा आडवा ड्रम होता, आतून दगडी विटा लावलेला. त्यात निम्म्यापर्यंत गोटे भरायचे, वर भुकटी आणि पाणी घालायचं, झाकण आवळायचं आणि ड्रम फिरवत ठेवायचा. गोटे एकमेकांवर पडत, घासत आणि मधल्या भुकटीचं दुधासारखं पीठ करत. लोखंडी गोळे चालत नाहीत, कारण लोखंड झिजलं की पांढऱ्यावर डाग पडतात. म्हणून दगड, आणि दगडही कुठलाही नाही. चर्टच हवा.

चर्ट काही देखणा नसतो. राखाडी, मधाळ, कधी मळकट पांढरा. ओला केला तर मेणबत्तीसारखा दिसतो, वाळला की रस्त्यावर पडलेल्या कुठल्याही दगडासारखा. पण त्याच्या अंगात सुरी शिरत नाही, उलट सुरीचंच लोखंड त्याच्यावर पेन्सिलीसारखं उमटतं. फुटला तर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार फुटतो आणि ती कड बोट कापते. दोन गोटे एकमेकांवर जोरात हाणले तर ठिणगी पडते आणि काहीतरी जळल्याचा वास येतो. जास्पर हा त्याचा सख्खा भाऊ. घडताना त्याच्या अंगात लोखंडाचा गंज मुरलेला असतो, म्हणून तो विटकरी लाल, क्वचित हिरवा. चर्टची पातळ कपची उजेडासमोर धरली तर कडेतून जरासा उजेड झिरपतो. जास्परमधून तेवढाही येत नाही. जास्पर तितकाच टणक, पण त्याच्या अंगातल्या लोखंडाला आमचे मालक भ्यायचे. लाल दिसला की बाहेर.

निवडायला आसपासच्या गावांतल्या आगरी बायका यायच्या. तांदूळ निवडावेत तशा फतकल मारून बसायच्या. काळा पाषाण एकीकडे, लाल दुसरीकडे, चर्ट टोपलीत. मी त्यांना गोटा वाजवून बघायला शिकवलं होतं. अखंड असेल तर खणखणीत वाजतो, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. दिवसभर शेडमध्ये खण, खण, बद्द असं चालायचं, आणि मागे ड्रमची घरघर. पहिल्या वर्षी त्या घरघरीत मला कुणीतरी बायका बोलतायत असं वाटायचं. जवळ गेलं की थांबायचं. मी कुणाला बोलले नाही, कारण मला वेडं ठरवून घ्यायचं नव्हतं.

त्यांच्यात एक होती. सगळे तिला वयनी म्हणायचे, म्हणून मीही. माझ्याच वयाची, पंचविशीतली. सासर मानपाड्याजवळच, माहेर कल्याणच्या पुढे काळू नदीच्या काठी. तिची दोन मुलं जन्मली तेव्हाच गेली होती. ही तिसरी खेप, सहावा महिना लागलेला. सासूने स्वच्छ सांगून ठेवलं होतं की या खेपेला पाळणा हलला नाही तर माहेरी जाऊन बस, आम्ही दुसरी आणू. वयनी हे हसत सांगायची. मला मात्र तिच्या सासूला एकदा गाठून चार शब्द सुनवावेसे वाटायचे.

डोहाळे लागलेली बाई माती खाते हे काही नवीन नाही. वयनी आमची चिनी माती खायची. पोत्याच्या तोंडाशी सांडलेली पांढरी ढेपळं पदराला बांधून ठेवायची आणि काम करता करता चघळायची. मी ओरडले की तोंड पुसायची. "पोराला गोरा रंग येल बाय," असं वर मलाच सांगायची.

एकदा ड्रम बंद होता, पट्टा तुटला होता. वयनी पोटावर हात ठेवून स्वस्थ बसलेली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "हा फिराला लागला का पोटातला फिरतं. थांबला का थांबतं."

मी म्हटलं, आवाजाने होत असेल. ऐकू येतं त्यांना आतून. शास्त्रीय उत्तर माझ्याकडे नेहमी तयार असायचं. पट्टा जोडला, ड्रमने पहिला वेढा घेतला, आणि तिने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत काहीतरी सावकाश, गोल वळलं. मी हात काढून घेतला आणि धुवायला गेले, का ते मला सांगता येणार नाही.

त्या वर्षी गुजरातेतले गोटे वेळेवर आले नाहीत. मालकांनी कंत्राटदाराला सांगितलं, कुठूनही आण. त्याने एक ट्रक आणून ओतला. निम्म्याहून जास्त काळा पाषाण. मी बघूनच भडकले. हा कुठल्या नदीचा माल म्हणून विचारलं तर म्हणाला, काळूचा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत गारगोटी विरघळलेलं पाणी मुरून कुठेकुठे चर्टचे पट्टे बनतात, ते झिजून नदीत येतात, तेव्हा थोडा चर्ट त्यात होता. बायकांनी निवडून निवडून काही टोपल्या काढल्या. त्या ड्रममध्ये गेल्या. उरलेला ढीग शेडच्या कोपऱ्यात पडून राहिला.

काही आठवड्यांनी त्या ढिगात मला एक ओला गोटा दिसला, बायकांनी लाल म्हणून टाकलेला. मुठीपेक्षा थोडा मोठा, मधाळ राखाडी, मधून केसाएवढी लाल शीर गेलेली. चर्टमध्ये जास्परची शीर, फार सुरेख. पण वरच्या खळग्यांतही लाल होतं, आणि ते लाल वेगळं होतं. जास्परचा रंग दगडाच्या आतून येतो, नखाने निघत नाही. हे नखात आलं, तेलकट. मी कपाच्या बुडाची खरखरीत कड घेतली आणि तिच्यावर तो खळगा घासला. जास्पर तिथे रेघ सोडत नाही. इथे नारिंगी लाल रेघ उठली.

शेंदूर होता.

माझ्या रागाची एक खोड आहे, तो भीतीच्या आधी येतो. मी खोलीत एकटीनेच कंत्राटदाराच्या नावाने शिमगा केला. कुणाचातरी देव उचलून आणलाय मेल्याने आणि धुवून आमच्या गळ्यात मारलाय! मग गप्प बसले आणि गोटा टेबलाच्या खणात ठेवून दिला. बायकांना कळलं तर काम बंद पडेल एवढाच विचार तेव्हा मनात होता.

दुसऱ्या दिवशी वयनी आली ती रडून डोळे सुजवून. तिचा भाऊ माहेराहून निरोप घेऊन आला होता. सातव्या महिन्यात माहेरच्या पाण्यावर जाऊन मावल्यांची ओटी भरायची त्यांची रीत. मावल्या म्हणजे पाण्यातल्या सात बायका, कुठे त्यांना साती आसरा म्हणतात. काठावर सात दगड शेंदूर लावून ओळीने मांडलेले असतात. त्या राजी असल्या तर पोर जगतं, रुसल्या तर नेतात. आधीच्या दोन्ही खेपांना सासूने तिला जाऊ दिलं नव्हतं. या वेळी तिची आई आधीच खण-नारळ घेऊन जागा झाडायला गेली, तर तिथे एकही दगड नव्हता. ट्रकच्या चाकांच्या खुणा होत्या.

"हे पन जानार बाय," वयनी म्हणाली. "मना ठाव हाय. त्या नाय तर यो बी नाय."

मी टेबलाचा खण उघडला. गोटा बघून ती ओरडली नाही. पदर पुढे केला, मी त्यात ठेवला. तिने खळग्यातल्या शेंदरावर बोट फिरवलं आणि मग मान वर करून ड्रमकडे बघितलं. ड्रम फिरत होता. बाकीच्या सहा जणी कुठे असणार हे आम्हा दोघींनाही त्याच क्षणी कळलं.

आता ड्रम रिकामा करणं म्हणजे मोठं प्रकरण. पीठ तर गाळून काढतातच, पण गोटे आतच राहतात. ते सगळे बाहेर काढायचे तर काम बंद ठेवावं लागतं. मी सुपरवायझरकडे गेले. पन्नाशीचा, पान खाणारा, मनाने वाईट नव्हता. मी त्याला देवाचं काही बोलले नाही. पिठात काळे ठिपके येतायत हे दाखवलं, आणि ते खरंच येत होते. निवडताना पाषाण आत गेलाय, सगळे गोटे काढून पुन्हा निवडायला हवेत.

तो ठिपक्यांकडे बघत राहिला. "मॅडम, आमच्या बायकोचं माहेर पण काळूकडचंच आहे," तो हळूच म्हणाला. "मी काय विचारत नाय. काढा."

ड्रम थांबला. झाकण खाली करून एकेक वेढा दिला तसे गोटे धडाधड फरशीवर आले, पांढऱ्या चिखलात माखलेले. शेडमध्ये एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या नाल्याचा आवाज यायला लागला. वयनी दाराशी बसली होती. थोड्या वेळाने तिने मला खुणेने बोलावलं. पोटातलं हलायचं थांबलं होतं.

संध्याकाळपर्यंत हललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नळी लावली, ठोके आहेत म्हणाल्या, झोपलं असेल. "इतका वेळ?" मी विचारलं. त्यांनी पुन्हा नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. ठोके नीट आहेत, पण उद्या परत आणा, एवढंच म्हणाल्या. वयनी रिक्षात बसताना म्हणाली, "घरी नको. शेडवर चला."

मग मी निवडायला बसले. बायकांना सांगितलं होतं, काळा पाषाण तुम्ही काढा, चर्टला कुणी हात लावू नका. ड्रममध्ये फिरून सगळे गोटे एकसारखे झाले होते, उकडलेल्या अंड्यांचा ढीग असावा तसे. शेंदराचा मागमूस उरला नव्हता. पण माझ्याकडे ती शीर होती. हे सातही दगड कुणीतरी एकाच पट्ट्यातून निवडलेले असणार, कारण त्या काळ्या नदीत असा मधाळ दगड सात वेळा वेगवेगळ्या ठिकाणी सापडत नाही. गुजरातेतला चर्ट दुधी असतो, त्यात अशी शीर नसते. मी एकेक गोटा बादलीत बुडवायचे, खिडकीशी न्यायचे, ओला असतानाच फिरवून बघायचे. वाळला की शीर दिसत नाही.

दुसरा दुपारच्या आत मिळाला. तिसरा आणि चौथा लागोपाठ. पाचवा लहान झाला होता, पण शीर स्वच्छ. सहावा बायकांनी चुकून काळ्यांत टाकला होता. प्रत्येक वेळी वयनी पदर पुढे करायची आणि मी ठेवायचे. तिच्या मांडीवर ते सहा बसले होते, म्हणजे मी 'होते' म्हणतेय, 'बसल्या होत्या' असं लिहायला हात जात नाही.

सातवा मिळेना. मी सगळा ढीग दुसऱ्यांदा पाहिला. बोटं पांढरी पडून सुरकुतली. शेवटी तळाच्या चिखलात हात घातला आणि चिंचोक्याएवढा एक तुकडा हाती आला. मधाळ, एका बाजूने शिंपल्यासारखा वळणदार, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि त्यावर लाल शिरेचं टोक. त्या दगडात चीर असणार. ड्रममध्ये तो फुटला, तुकड्यांचे तुकडे झाले, आणि त्यांचं पीठ होऊन कपबश्यांवर चढलं आणि भट्टीत भाजलं गेलं. उरला तो एवढाच.

ढिगात शीर नसली तरी रंगाने जवळपास तसे दिसणारे दगड आणखी होते. एखादा उचलून 'ही घे सातवी' म्हणणं सोपं होतं. मी एक हातात घेतलाही. पण वयनी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला दगड कसा ओळखायचा हे मीच शिकवलं होतं. मी तो खाली ठेवला आणि खरं काय ते सांगितलं. सातवी फुटली. एवढीच राहिली. हे बोलताना मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

तिने तुकडा तळहातावर घेतला. रडली वगैरे नाही. "चला नदीव," म्हणाली.

सुपरवायझरने टेम्पो दिला. तिचा नवरा बरोबर आला, घाबरट माणूस. नदीवर तिची आई उभी होती. ऊन होतं, पाणी कमी होतं, पलीकडे म्हशी बसल्या होत्या. घाबरण्यासारखं तिथे काही नव्हतं. आईने जागा सारवली, वयनीने सहा गोटे ओळीने मांडले, शेंदूर लावला. सातव्या जागी आई तो तुकडा ठेवायला सांगत होती. वयनी पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत. ओंजळ भरून पाणी घेतलं, तुकडा तोंडात टाकला आणि पाण्याबरोबर गिळला.

मी किंचाळलेच. चर्ट आहे तो! विरघळणार नाही, पोटात तसाच राहील! तिची आई तोंडावर पदर धरून खाली बसली. वयनी पाण्यात उभीच होती. मग तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि माझ्याकडे वळून हसली.

"हाललं," ती म्हणाली.

गिळलेली गोष्ट गर्भाशयात जात नाही. अन्ननलिका वेगळी, मी हे शपथेवर सांगू शकते. दोन-चार दिवसांत तो तुकडा बाहेर पडला असणार. मी तिला नंतर विचारलं, पडला का? तिने पदराची गाठ सोडून चिनी मातीचं ढेपूळ तोंडात टाकलं.

तिला मुलगी झाली. जगली. सासू पेढे घेऊन स्वतः कारखान्यात आली, आणि तिला सुनवायचे जे चार शब्द मी जपून ठेवले होते ते मी पेढ्याबरोबर खाऊन टाकले. मला खूप आनंद झाला होता, अगदी घरातलं कुणी सुखरूप सुटावं तसा. पुढे कारखाना बंद पडला. मला वागळे इस्टेटमध्ये रंगाच्या कंपनीत काम मिळालं, ठाण्यात बिऱ्हाड केलं आणि वयनी मागे राहिली.

नव्वदनंतर कधीतरी तिचा निरोप आला. मुलीची ओटी आहे, नदीवर या. लहान मुलीची कसली ओटी, असं म्हणत मी गेले. काठावर बायका जमल्या होत्या. सहा दगड शेंदराने इतके जाड झाले होते की त्यांचे आकार कळत नव्हते. सातव्या जागी मुलगी बसली होती. पाच-सहा वर्षांची, हिरवं परकर-पोलकं, मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर. तिच्या कपाळावर शेंदूर होता. बायका एकेक पुढे होऊन सहा दगडांपुढे आणि मग तिच्यापुढे खण-नारळ ठेवत होत्या, तिच्या डोक्यावरून पाणी ओतत होत्या. पाणी डोळ्यांत जात होतं. तिची पापणी लवत नव्हती.

मी वयनीला बाजूला ओढलं. हे काय चालवलंयस? शाळेत घाल तिला! ती म्हणाली, घातलीय. हुशार आहे. सगळं शिकते.

"मग?"

वयनी सुकली होती. डोळ्यांखाली काळं. मुलगी जगल्यावर बाईने जसं दिसायला हवं तशी ती दिसत नव्हती.

"ताप नाय येत तिला," ती म्हणाली. "परली तरी खरचटत नाय. सासू म्हनते पुन्यवान पोर हाय. पन बाय, जन्मल्यापासनं एकदा पन रडली नाय. मी मारून बगितली. हे सगल्यांपुढं मारली. मनाच रडू आला, तिला नाय."

ओटी भरून झाली होती, बायका पांगत होत्या. मुलगी उठली नव्हती. वयनीने माझं मनगट धरलं आणि मला तिच्यापुढे नेऊन बसवलं.

"तुमी दगर वलखता," ती म्हणाली. "जरा हिला बगा ना."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात हातात घेतला. थंड होता, पण पाण्यात भिजलेल्या कुठल्याही मुलाचा असतो तेवढाच. नखांत माती होती. मी तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ.

"मुलगी आहे ग," मी म्हणाले.

"नीट बगून सांगा," वयनी म्हणाली.